एकाच जीपमधले दोघे आणि चौदा लाखांचा फरक

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. 2021 साली जीपच्या अपघातात त्यांचे पती गेले. त्याच जीपमध्ये गल्लीतला आणखी एक जण होता, तोही गेला. दोघे गवंडी, दोघांचा ठेकेदार एकच, दोघांच्या मागे बायको, दोन मुलं आणि आई. ताईंनी सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला. शेजारीण माहेरी सांगलीला राहायला गेली, तिने तिथे लावला. आता दोन्ही निकाल लागले. ताईंना 14,70,000 रुपये, शेजारणीला 28,75,900. ताई विचारतात : "माझ्या माणसाच्या जिवाची किंमत निम्मी कशी? शेजारीण म्हणते, तिची केस जेवणाच्या सुट्टीनंतर लागायची, साहेब खुशीत असायचे. हे खरं का? आणि दुसरं. कोर्टाने सासूबाईंना दहाच टक्के दिले, म्हणून मोठे दीर भांडतात. रविवारी भावकी बसणार आहे. न्याय नेमका कोणता धरायचा?"

ताई, पत्रासोबत दोन्ही निवाड्यांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण निवाडा न वाचता "अन्याय झाला" म्हणणारेही चुकतात आणि "कोर्टच ते, बरोबरच असणार" म्हणणारेही. 14,05,900 रुपयांचा हा फरक एका कारणाचा नाही. त्याचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. (व्याज यात धरलेलं नाही.)

आधी हिशेब कसा बसतो ते पाहा. पूर्वी प्रत्येक न्यायाधिकरण आपापल्या अंदाजाने रक्कम ठरवायचं, आणि सारख्या दोन घरांना भलत्याच वेगळ्या रकमा मिळायच्या. ते थांबावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये 'सरला वर्मा' निकालात एक तक्ता घालून दिला आणि 2017 मध्ये 'प्रणय सेठी' निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो पक्का केला. महिन्याचं उत्पन्न धरायचं. त्यात पुढे वाढलं असतं त्याची भर घालायची : स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर चाळिशीच्या आत 40 टक्के, 40 ते 50 मध्ये 25 टक्के, 50 ते 60 मध्ये 10 टक्के. (कायम नोकरीला हेच आकडे 50, 30 आणि 15.) आलेल्या रकमेचं वर्षाचं उत्पन्न काढायचं. त्यातून माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा : अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरेल त्याला वयाप्रमाणे गुणक लावायचा : 36 ते 40 ला 15, 41 ते 45 ला 14, 46 ते 50 ला 13, आणि पुढे उतरता. शेवटी सहवास हरपल्याची, अंत्यविधीची आणि मिळकतीच्या हानीची ठरलेली रक्कम मिळवायची.

आता तुमचा निवाडा. उत्पन्न 10,000 धरलंय. 25 टक्के मिळवून 12,500. वर्षाचे 1,50,000. एक तृतीयांश वजा, उरले 1,00,000. गुणक 14, म्हणजे 14,00,000. वर 70,000. शेजारणीचं : उत्पन्न 14,000, त्यात 40 टक्के मिळवून 19,600, वर्षाचे 2,35,200, एक चतुर्थांश वजा करून 1,76,400, गुणक 15, म्हणजे 26,46,000. वर 2,29,900. दोन्ही कागद शेजारी ठेवा, एका ओळीखाली दुसरी लिहा. जिथे आकडे वेगळे होतात त्या चारपाच ओळींवर खूण करा. वकिलाकडे जाताना एवढाच कागद न्या.

पहिला तुकडा वयाचा, 4,41,000 रुपयांचा. शेजारी 39 वर्षांचे, तुमचे पती 41. दोनच वर्षांचं अंतर, पण मध्ये चाळिशीची रेघ आल्यामुळे वाढीचा टक्का आणि गुणक दोन्ही बदलले. हे तुम्हाला लागेल, आम्हालाही बरं वाटत नाही. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती सगळ्यांसाठी एकाच जागी ओढलेली आहे. यावर अपिलात भांडून उपयोग नाही. मात्र एक गोष्ट जरूर तपासा. निवाड्यात 41 हे वय आधार कार्डावरून घेतलंय. आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून धरता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला वरचढ ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये अशाच एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं आहे. आपल्याकडे आधार काढताना अंदाजे वर्ष सांगून, तारीख 1 जानेवारी टाकलेली किती कार्डं असतील! पती ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि दाखला काढा. अपघाताच्या दिवशी त्यांना 41 पूर्ण नसतील तर गुणक 15 चा मागता येतो, आणि 40 पूर्ण नसतील तर वाढीचा टक्काही 40 होतो. आजच्या 10,000 उत्पन्नावरसुद्धा, एक चतुर्थांश वजावट धरली तर, पहिल्या गोष्टीने 1,12,500 वाढतात, दोन्हींनी मिळून 3,15,000. दाखल्यात वय उलट जास्त निघालं तर तेही मान्य करावं लागेल, हे ध्यानात ठेवा.

दुसरा तुकडा 3,34,900 रुपयांचा, आणि आमच्या मते इथे सरळ चूक आहे. चूक दोन जागी आहे.

एक म्हणजे वजावट. तुमच्या घरात अवलंबून असणारे चार : तुम्ही, दोन मुलं, सासूबाई. मग एक चतुर्थांश वजा व्हायला हवं होतं. निवाड्याचा तो परिच्छेद नीट वाचा. त्यात लिहिलंय की सासूबाई "थोरल्या मुलाच्या आधारावर आहेत", म्हणून तीनच जण धरले. हे वाक्य आलं कुठून? तुमच्याच दिरांच्या उलटतपासातून. "आई माझ्याकडे असते" असं ते विमा कंपनीच्या वकिलापुढे बोलून गेले, सहा-सहा महिन्यांची पाळी आहे हे सांगायचं राहिलं. आणि गंमत अशी की त्याच निवाड्यात तीन पानं पुढे सासूबाईंना अवलंबून असलेली आई म्हणून दहा टक्के वाटा दिलाय. वजावटीपुरत्या त्या अवलंबून नाहीत आणि वाटणीपुरत्या आहेत, असं दोन्ही एका वेळी खरं असू शकत नाही. 'सरला वर्मा' निकालानुसार उलट पुरावा नसेल तर आईला अवलंबून धरायचंच असतं. सहा महिने दुसऱ्या मुलाकडे राहणं हा उलट पुरावा ठरू नये. या एका ओळीने तुमचे 1,75,000 गेले.

दुसरी जागा ठरावीक रकमांची. तुम्हाला सहवासाचे 40,000, अंत्यविधीचे 15,000 आणि मिळकतीच्या हानीचे 15,000 दिले. हे 2017 चे आकडे आहेत. दर तीन वर्षांनी त्यात 10 टक्के वाढ धरायची असं त्याच निकालात म्हटलंय, म्हणून ते आता 48,400, 18,150 आणि 18,150 झाले. शिवाय सहवास फक्त पत्नीचाच हरपत नाही. मुलांचा बाप जातो, आईचा मुलगा जातो. 2018 पासून मुलांना आणि आईवडिलांनाही ही रक्कम वेगवेगळी देतात. चौघांचे 1,93,600 आणि बाकीचे 36,300 मिळून 2,29,900 होतात. सांगलीच्या निवाड्यात हे बरोबर केलंय. तुमच्या निवाड्यात 1,59,900 कमी पडले.

तिसरा तुकडा सगळ्यात मोठा, 6,30,000 रुपयांचा. तो उत्पन्नाच्या अंदाजाचा आहे, आणि न्यायाधीश बदलला की निकाल बदलतो असं लोक म्हणतात ते बहुतेक इथलंच. गवंड्याला पगारपत्रक नसतं. मग न्यायाधिकरण हाती असलेल्या कागदांवरून अंदाज बांधतं. तुमच्या फाइलमध्ये पंचनाम्यात आणि पोलिसांच्या कागदांत व्यवसाय "मजुरी" लिहिलाय, आणि त्यावरून तुमच्या पतींना अकुशल कामगार धरलं. किमान वेतनाच्या वर्गवारीत गवंडी कुशल कामगारात मोडतो. शेजारणीच्या वकिलांनी ठेकेदाराला साक्षीला उभं केलं, त्याची हजेरीची वही आणली आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं नोंदणीपुस्तक जोडलं. त्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून त्याला वजन येतं. तुमच्याकडून फक्त तुमचं शपथपत्र होतं, "महिना वीस हजार मिळायचे". न्यायाधीशापुढे सारखीच माणसं नव्हती, ताई, वेगवेगळे कागद होते. सांगलीचे न्यायाधीश दयाळू आणि सोलापूरचे कठोर, असं यातून निघत नाही.

तरीही 10,000 हा आकडा आम्हाला कमी वाटतो. किमान वेतन हा एक आधार आहे, तोच एकमेव नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय 2021 मध्ये म्हणालं आहे. पती गवंडी होते हे तुमच्या शपथपत्रात आहे आणि उलटतपासात ते कोणी खोडलेलं नाही, मग कुशल कामगाराचा दर का धरला नाही याचं एक वाक्यही निवाड्यात नाही. अपिलात बोट नेमकं यावर ठेवायचं. "शेजारणीला 14,000 दिले, मलाही द्या" हा मुद्दा करू नका. एका न्यायाधिकरणाचा निवाडा दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. सांगलीच्या फाइलमधली ठेकेदाराची साक्ष आणि हजेरीवहीची पानं मात्र कामाची आहेत. त्यांची प्रमाणित नक्कल काढा. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि आधी का आणता आला नाही याचं पटणारं कारण द्यावं लागतं. "वकिलांनी सांगितलंच नाही" एवढ्यावर बहुधा भागत नाही. वहीत तुमच्या पतींचंही नाव निघत असेल तर अर्जाला जोर येईल.

जेवणाच्या सुट्टीचं राहिलं. शेजारीण जे म्हणते ते अगदीच हवेतलं नाही. 2011 मध्ये इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांच्या हजाराहून जास्त निर्णयांवर एक अभ्यास छापून आला. बैठकीच्या सुरुवातीला 65 टक्क्यांच्या आसपास कैद्यांना अनुकूल निर्णय, मग घसरत घसरत शून्याजवळ, आणि खाण्याची सुट्टी झाली की पुन्हा 65. जगभर गाजला. लवकरच इतर संशोधकांनी दाखवलं की प्रकरणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता, आणि वकील नसलेले कैदी बहुतेक बैठकीच्या शेवटी येत. म्हणजे पोटातली भूक किती आणि वकिलाचा अभाव किती, हे सांगणं अवघड. शिवाय तुमचा निवाडा काही एका बैठकीत तोंडी दिलेला नाही. पुरावा, युक्तिवाद आणि मग लेखी निकाल, यात कितीतरी जेवणं झाली असतील. फाइलमध्ये कागद कमी पडले, हे कारण तुमच्या बाबतीत पुरेसं आहे.

आता अपिलाचं. ते उच्च न्यायालयात होतं, निवाड्याच्या तारखेपासून 90 दिवसांत. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण अर्ज करायला तुम्ही घालवलेले दिवस वगळत नाहीत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे येतो, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. नुसती बेरजेची किंवा टायपिंगची चूक असती तर त्याच न्यायाधिकरणात दुरुस्तीचा अर्ज पुरला असता. वजावटीचा मुद्दा तसा नाही, तो अपिलातच मांडावा लागेल. दरम्यान विमा कंपनीने 14,70,000 आणि व्याज भरलं की ते उचला. जास्त रकमेच्या हक्काला बाध न येता घेत असल्याचं अर्जात लिहा. पैसे उचलल्याने अपील बुडत नाही. व्याजाचा दर तुम्हाला 7 टक्के आणि शेजारणीला साडेसात आहे. दर ठरवणं न्यायाधिकरणाच्या हातात असतं, आणि 14,70,000 वर हा अर्धा टक्का वर्षाला 7,350 होतो. मुद्दा जोडा, पण त्यावर जोर देऊ नका.

धोकाही सांगायला हवा. तुम्ही अपील केलं की विमा कंपनीलाही उलट हरकत घ्यायचं दार उघडतं, आणि वर्षं जातात. आमचा अंदाज असा : दुसऱ्या तुकड्यातले 3,34,900 मिळण्यासारखे आहेत, तिसऱ्यातले काही मिळतील, सगळे धरून चालू नका. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, फोन 15100. खाजगी वकील केलात आणि त्यांनी "मिळेल त्यातले इतके टक्के" म्हटलं, तर नाही म्हणा. वकिलांच्या नियमांत टक्केवारीला मनाई आहे. फी ठरवून घ्या आणि पावती मागा.

रविवारची बैठक. इथे कोर्टापेक्षा जास्त घोळ होतो, कारण कोर्टात निदान तक्ता असतो. भावकीत पहिलं माणूस काय बोललं यावर बाकीचे झुकतात. थोरले काका "निम्मे आईचे" म्हणाले की पुढचा कोणी "दहा टक्के ठीक" म्हणणार नाही. तेव्हा बोलणं सुरू होण्याआधी प्रत्येकाला चिठ्ठी द्या. आपला आकडा आणि एका ओळीत कारण, एकमेकांना न दाखवता लिहायचं. मग सगळ्या एकदम वाचायच्या. आकड्यांत किती तफावत आहे ते बघून पुष्कळांचा सूर आपोआप खाली येतो. सगळ्यांना रामशास्त्री हवा असतो, तो दुसऱ्याच्या दारात.

भांडणाचं मूळ आम्हाला असं दिसतं : दीर वारसाहक्काचं माप लावतायत आणि कोर्टाने गरजेचं माप लावलं. पती मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांचं घर, बँकेतले पैसे, जमीन यांत हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई यांचा सारखा, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा आहे. तो द्यायलाच हवा. त्यात "दहा टक्के" म्हणता येणार नाही, आणि तुम्ही तसं म्हणत असाल तर तिथे चूक तुमची. भरपाई ही पतींची मिळकत नाही. त्यांच्या कमाईवर कोण किती अवलंबून होतं याचे ते पैसे आहेत. नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांची शिक्षणाची वर्षं पुढे आहेत, म्हणून त्यांना प्रत्येकी वीस टक्के. ती रक्कम मुदत ठेवीत आहे, आणि तिला हात लावायचा अधिकार तुम्हालाही नाही, भावकीला तर नाहीच. कोणी "मुलांच्यातले थोडे आजीला" म्हणालं तर तिथेच थांबवा.

सासूबाईंचे दहा टक्के म्हणजे आज 1,47,000. पुरतात का? टक्क्यांवर वाद घालण्याऐवजी त्यांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा : औषधं, कपडे, येणं-जाणं, आणि तुमच्याकडच्या सहा महिन्यांचं खाणंपिणं. तुमचे पती त्यातलं किती उचलत होते ते लिहा. त्यांचा वाटा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला तर तिमाहीला व्याज येईल. ते खर्चाला कमी पडत असेल तर तुम्ही तुमच्या पन्नास टक्क्यांतून, बँकेमार्फत, दरमहा ठरावीक रक्कम देऊ शकता. एकदम गठ्ठा दिला तर तो कोणाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात जाईल ते सांगता येत नाही. शिवाय अपिलात सहवासाची रक्कम मान्य झाली तर 48,400 सासूबाईंच्या स्वतःच्या नावे येतील. हे त्यांना दिरांसमोर नको, एकटीने समजावून सांगा. मुलगा त्यांचाही गेलाय, आणि "दहा टक्के" हा शब्द त्यांना पैशाहून जास्त टोचला असणार.

एक सावधगिरी. बैठकीत स्टॅम्पपेपरवर काही लिहून सही करायचा आग्रह होईल. "आईची जबाबदारी यापुढे आणि यापूर्वीही थोरल्याकडेच" असं काही त्यात आलं, तर तुमच्याच अपिलातला 1,75,000 चा मुद्दा कापला जाईल आणि त्याबरोबर सासूबाईंचा वाटाही घटेल. दिरांना हा हिशेब आकड्यांनिशी दाखवा. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, हे जसं आहे तसं त्यांनी लिहून द्यायला तयार व्हावं. खोटं काही लिहायची गरज नाही, उलटतपासात राहून गेलेलं अर्धं वाक्य पुरं करायचंय.

निवाड्याच्या फोटोत शेवटचं पान अर्धं कापलं गेलंय, त्यामुळे तारीख आम्हाला दिसत नाही. ती आजच पाहा आणि नव्वदावा दिवस कॅलेंडरवर लिहा. नकलेचा अर्ज दिला नसेल तर रविवारच्या बैठकीची वाट पाहू नका, कोर्टाच्या पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी नक्कल विभागात जाऊन तो द्या आणि पोच घ्या. तिथून परतताना पतींच्या शाळेत डोकावता आलं तर दाखल्याचं कामही त्याच दिवशी मार्गी लागेल.